खरी घड्याळं दोनच

प्राचीचा मेल आला तेव्हा मी ब्लोअरच्या टाकीत औषध कालवत होतो. डिसेंबरातली सकाळ होती. बोरीच्या शिवारात धुकं उतरलं होतं आणि बागेतले द्राक्षांचे मणी नुकते ज्वारीएवढे झाले होते. अशा हवेत फवारणीला एक दिवस उशीर झाला तरी महागात पडतं. फोन खिशातच थरथरला आणि थांबला. फवारणी उरकून, हात धुऊन, दहाच्या सुमाराला बांधावर बसलो तेव्हा उघडला.

मेल इंग्रजीत होता. लिहिणारी बंगळूरची कोणी प्राची. लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीतले जुने ड्रायव्हर तपासून एका वळणावर आणायचं काम तिच्याकडं आलं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘२०११ साली तुमच्या नावानं एका ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती आली, तिच्यात अशी टीप आहे: मॅन्युअलमध्ये चार घड्याळं म्हटली आहेत. खरी दोनच आहेत. स्वतः पाहिलंय. हे कोणी पाहिलं आणि कसं पाहिलं, ते कुठंच सापडत नाही. ती चिप आता बनत नाही. तिचा एखादा बोर्ड अजून चालू असेल तर तपासून कळवाल का? कोणीच वापरत नसेल, तर पुढच्या आवृत्तीतून हा ड्रायव्हर काढून टाकावा असं ठरतंय. पंधरा दिवस थांबते.’

मी मेल दोनदा वाचला. बांधाच्या पलीकडं भाऊ ट्रॅक्टर धूत होता. त्याला काही सांगण्यासारखं नव्हतं. सात वर्षं झाली मी पुण्यातली नोकरी सोडून बागेत उतरलो त्याला, आणि गावात बऱ्याच जणांना मी तिकडं नेमकं काय करायचो ते अजून ठाऊक नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करायचो, असंच समजतात.

‘स्वतः पाहिलंय.’ ही ओळ माझी नव्हती. ती रुपेशची होती.

रुपेश रोकडे अवसरी बुद्रुकचा. आम्ही डिप्लोमाला एका बाकावर होतो, पुण्यात एका खोलीत राहिलो आणि भोसरीत एका गाळ्यातल्या अकरा माणसांच्या कंपनीत एकाच टेबलावर बसलो. कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवायची. शेतकरी दूध घालतो, काटा वजन सांगतो, दुसरं यंत्र फॅट सांगतं, आणि आमचा डबा ते दोन्ही एकत्र करून पावती छापतो. डब्याच्या पोटात एक नवी चिप होती. एका चिपवर चार प्रोसेसर, म्हणजे एका खोलीत काम करणारे चार कारकून समजा.

प्रत्येक प्रोसेसर एका घड्याळावर चालतो. त्याला काटे नसतात, फक्त ठोका असतो. एका सेकंदात कोट्यवधी ठोके, आणि दर ठोक्याला थोडं काम. काम कमी असलं की ठोका संथ करायचा, म्हणजे वीज वाचते आणि चिप तापत नाही. हे ठरवतो लिनक्सचा कर्नल, यंत्राच्या आतला मुख्य कारभारी. आणि समोरचं हार्डवेअर कसं आहे ते त्या कारभाऱ्याला समजावून सांगतो तो ड्रायव्हर. ड्रायव्हरनं चुकीचं सांगितलं तर कारभारी बिचारा चुकीचाच कारभार करणार.

आमच्या डब्याचं तसंच झालं होतं. अधूनमधून फॅटचा आकडा भलताच यायचा, नाहीतर पावती कोरीच निघायची. कधी दिवसभर नीट चालायचा, कधी दर दहा शेतकऱ्यांमागं अडायचा. आम्ही दीड महिना वायरी बदलल्या, काटे बदलले, प्रोग्राम तीनदा नव्यानं लिहिला. मॅन्युअल साडेआठशे पानांचं होतं. मी ते जवळजवळ पाठ केलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चारी प्रोसेसरना स्वतंत्र घड्याळ आहे.

एका दुपारी मी जेवून वर आलो तर रुपेशनं बोर्डाला चार दिवे जोडले होते. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. प्रत्येक प्रोसेसरला एक दिवा दिला होता आणि ठरावीक ठोके मोजून तो लावायचा, विझवायचा, एवढंच काम चौघांना सांगितलं होतं. चारी दिवे एका चालीनं लुकलुकत होते.

“आता बघ,” तो म्हणाला आणि फक्त लाल दिव्याच्या प्रोसेसरचा वेग निम्मा केला.

लाल दिवा संथ झाला. त्याच्याबरोबर हिरवाही संथ झाला.

“हिरव्याला मी हातबी लावलेला न्हाई, सुद्या.”

पिवळा संथ केला तर पांढरा त्याच्यामागं गेला. आम्ही वीस-पंचवीस वेळा करून पाहिलं. घड्याळं चार नव्हतीच. दोघादोघांत एक होतं. कर्नलला वाटायचं चौघं वेगळे आहेत. लाल रिकामा बसलाय म्हणून तो त्याचा ठोका कमी करायचा, आणि त्याच वेळी फॅटच्या यंत्राशी बोलत असलेला हिरवा मधेच संथ व्हायचा. ठोके मोजून थांबायचं त्याचं गणित चुकायचं आणि आकडा बिघडायचा. दीड महिन्याचा घोळ त्या चार दिव्यांनी पाच मिनिटांत उघडा केला. रुपेश खुर्चीत मागं रेलून हसत होता. त्याचे ओठ तोंडातल्या पानानं लाल झाले होते.

त्यानंच ड्रायव्हर दुरुस्त केला. कुठल्या जोडीचं घड्याळ एक आहे ते कारभाऱ्याला सांगणाऱ्या तीस-बत्तीस ओळी, आणि वर ती टीप. ही दुरुस्ती जगभरच्या लोकांसाठी लिनक्सच्या मूळ साठ्यात पाठवायची असं ठरलं. आमच्या कंपनीतून तोवर कोणाचं काही तिथं गेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी घरून फोन आला. त्याचे वडील जयवंतआण्णा एसटीत मेकॅनिक होते. त्यांना पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं होतं. रुपेश तसाच निघाला. जाताना म्हणाला, “तू पाठव. उगं थांबू नको.”

दुसऱ्या दिवशी मी पाठवली. अशा पत्राच्या शेवटी लिहायचं असतं की काम कोणी केलं, दोष कोणी शोधला, तपासलं कोणी. मी एकच नाव घातलं, माझं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की घाई होती, नियम नीट माहीत नव्हते, साहेब मागं लागले होते. नियम मला माहीत होते. मला माझं नाव तिथं एकट्याचं बघायचं होतं.

रुपेश पंधरा दिवसांनी परत आला. त्याबद्दल तो कधीच बोलला नाही. पुढच्या वर्षी नोकरी सोडून तो गावी गेला आणि मंचरला पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. २०१४ला त्याच्या लग्नात भेटलो, ते शेवटचं. जयवंतआण्णा गेले ते मला तीन दिवसांनी समजलं. बोरीपासून अवसरी म्हणजे गाडीवर तासभरसुद्धा नाही. तरी मी गेलो नाही.

मेल वाचल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मंचरला गेलो.

दुकान बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. दारात जळालेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या, आत वार्निशचा वास. रुपेश स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, हातानंच थांब अशी खूण केली, वेढे पुरे केले, आकडा खडूनं फरशीवर लिहिला आणि मग उठला. केस कानाजवळ पांढरे झाले होते.

“मोटर जळली का काय?”

“न्हाई रे. तुझ्याकडंच आलोय.”

“बस मग. चहा सांगतो.”

मी फोनवरचा मेल त्याच्यापुढं धरला. त्यानं खिशातून चष्मा काढून लावला आणि सावकाश वाचला. त्या ओळीपाशी आला तेव्हा त्याचं बोट थांबलं. पुढं काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, “बोर्ड चालू हाये एक.”

“कुठं?”

“डिंगोऱ्याला. भिमाजीच्या दूध केंद्रात. दोन वर्साला एकदा मला बोलावतो. कपॅसिटर बदललेत, पॉवर सप्लाय बदललाय, पण चिप तीच. लई चिवट निघाली.”

म्हणजे कंपनी बुडाली, आम्ही पांगलो, आणि हा माणूस एवढी वर्षं तो डबा जिवंत ठेवत होता. चहा आला.

रविवारी आळेफाट्याला भेटायचं ठरलं. तो मंचरहून आला, मी बोरीहून. माझी गाडी तिथंच लावली आणि त्याच्यामागं बसलो. ओतूर मागं पडलं तसं गार वारं कानांना झोंबायला लागलं. समोर माळशेजकडचे डोंगर निळसर दिसत होते. लॅपटॉपची बॅग मी पोटाशी धरली होती. कॉलेजला असताना याच माणसाच्या मागं सायकलच्या कॅरिअरवर बसून मी किती फिरलो होतो. तेव्हा तोंड बंद नसायचं आमचं. आता ओतूरपर्यंत आम्ही कांद्याच्या लागवडीवर बोललो आणि नंतर त्यावरही नाही.

केंद्रात पोचलो तेव्हा सकाळचं दूध उरकून कॅन टेम्पोत चढत होते. भिमाजी साठीचा, कानटोपी घातलेला, डोळ्यांत जरब असलेला माणूस.

“रुपेशभाऊ, पाचला लोकं यायला लागत्यात. पाचच्या आत माजं मशीन मला परत पायजे.”

“चारलाच देतो.”

“आन् हे पावणं कोन?”

“हे डबा बनवणारं. आमी दोघांनी मिळून बनवलाय ह्यो.”

भिमाजीनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. “मग पावती एवढी बारीक का छापली? म्हाताऱ्या मानसाला वाचता येत न्हाई.” एवढं बोलून तो कॅन मोजायला गेला.

डब्याचं झाकण काढलं. आत धूळ, पण बोर्ड ओळखीचा. कोपऱ्यात माझ्या अक्षरात मार्करनं लिहिलेला नंबर अजून दिसत होता. बोर्ड सापडल्याचं कळवल्यावर प्राचीनं पाठवलेला नवा कर्नल मी मेमरी कार्डावर घालून आणला होता. तिचं म्हणणं असं होतं की कुठल्या प्रोसेसरचं घड्याळ सामाईक आहे ही माहिती आता ड्रायव्हरच्या पोटात ठेवायची नाही. ती वेगळ्या फाइलीत साध्या यादीसारखी लिहायची, म्हणजे नव्या माणसाला ड्रायव्हर न उकलता हार्डवेअर कळेल. ते वाचून मला बरं वाटलं होतं. आम्हाला तेव्हा असं काही मिळालं असतं तर दीड महिना वाचला असता.

कार्ड घातलं, चालू केलं. काहीच नाही. पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा काळा. मी लॅपटॉपवर फाइली चाळायला लागलो, प्राचीचं काय चुकलं असेल ते शोधायला. अर्धा तास गेला. रुपेशनं मधेच कार्ड बाहेर काढलं, उजेडात धरलं, आणि भिमाजीच्या टेबलावरचं खोडरबर घेऊन त्याचे पितळी दात घासले. मग बोर्डावरची खाच फुंकून साफ केली आणि कार्ड परत बसवलं.

पडद्यावर अक्षरं पळायला लागली.

“तू अजून पुस्तकातच शोधतो,” तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

दिवे त्यानं दुकानातून आणले होते. तेच चार रंग. जोडताना त्याचा हात जराही अडखळला नाही. वेग कमी करायची आज्ञा मी टाइप केली. लाल संथ झाला, हिरवा त्याच्याबरोबर. पिवळा-पांढरा आपल्या चालीनं लुकलुकत राहिले. मग उलट केलं. मी फोनवर व्हिडिओ काढला. आम्ही दोघं वाकून त्या दिव्यांकडं बघत होतो आणि भिमाजी आमच्याकडं.

मग कर्नलकडून यादी मागवली. त्यात आलं: प्रोसेसर शून्य आणि प्रोसेसर एक मिळून एक घड्याळ. दोन आणि तीन, दुसरं. प्राचीचं वर्णन बरोबर होतं. तरी रुपेश म्हणाला, नुसते दिवे पाहून होणार नाही, संध्याकाळचं दूध या नव्या कर्नलवर चालवून बघू. भिमाजी तयार होईना. शेवटी जुनं कार्ड त्याच्या हातात दिलं, अडलं तर लगेच हेच घालू म्हणून शब्द दिला, तेव्हा कुठं मानला.

पाच वाजायला वेळ होता. भिमाजीच्या घरून भाकरी, पिठलं आणि कांदा आला. केंद्राच्या मागं चिंचेखाली बसून खाल्लं. मी अर्धी भाकरी संपवली आणि म्हणालो, “रुपेश, ती दुरुस्ती तुझ्या नावानं जायला पायजे व्हती.”

तो खात राहिला.

“मी मुद्दाम तुझं नाव घातलं न्हाई. विसरलो नव्हतो.”

“माहितेय मला.”

“कधीपासून?”

“तवापासूनच.” त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, प्याला, खाली ठेवला. “आण्णांना दवाखान्यातून घरी आणलं व्हतं. काय खात नव्हते. म्हटलं ह्यांला जरा खूश करू. मंचरला सायबर कॅफेत नेलं गाडीवर बसवून. पोटाला टाके. म्हटलं, आण्णा, तुमच्या पोराचं नाव आता साऱ्या जगात गेलंय, दावतो तुमाला. ते पान उघडलं. आण्णांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. चष्मा पुसला आन् एकेक ओळ बोट ठिवून वाचत बसले. खालपर्यंत वाचलं. मग म्हणले, ह्यात तू कुठं हाये?”

चिंचेवर कावळे ओरडत होते.

“मी म्हटलं, आण्णा, चुकून दुसरंच पान उघडलं. घरी आलो. परत त्यांनी विचारलं न्हाई आन् मी बोललो न्हाई.”

“तू मला एक शिवी तरी द्यायची, रुपेश.”

“देणार व्हतो. पुण्याला आलो तर तू रूमवर माझ्यासाठी खिचडी करून ठिवलेली. बापाची तब्येत विचारत बसला रात्रभर.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “मग राहूनच गेलं. आन् राहिलं ते राहिलंच.”

मी माफी मागितली. कशी मागितली ते आता आठवत नाही, वाक्य धड झालं नसावं. तो म्हणाला, “जेव. भाकरी गार व्हतीये.”

पाच वाजता लोक यायला लागले. किटल्या घेऊन, दुचाकीला कॅन बांधून, एक आजी डोक्यावर पातेलं घेऊन. आम्ही डब्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. वजन, फॅट, पावती. वजन, फॅट, पावती. एकही कोरी निघाली नाही. त्रेसष्ट माणसं झाली. मधे एकदा फॅट कमी आली म्हणून एक जण तावातावानं बोलायला लागला, तर भिमाजी मशीनवर हात ठेवून म्हणाला, “मशीनचं काय सांगू नको, बनवणारं हितं हुबं हायेत. म्हशीला विचार जा.”

रात्री घरी येऊन मी प्राचीला सगळं लिहिलं. व्हिडिओ जोडला, यादी जोडली. मग जे चौदा वर्षांपूर्वी लिहायचं होतं ते लिहिलं: हे पाहणारा, शोधणारा आणि दुरुस्त करणारा माणूस रुपेश आहे. मी फक्त टपाल टाकलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. जुनी नोंद बदलता येत असेल तर बदला.

सकाळी तिचाच फोन आला. आधी इंग्रजीत बोलली, माझे दोन शब्द ऐकून मराठीत आली. मूळची साताऱ्याकडची निघाली.

“सर, ड्रायव्हर आता राहणार. जुनी नोंद मात्र नाही हो बदलता येत. कोणालाच नाही. ती तशीच राहणार. पण नवी पाठवतेय, तिच्यात सगळं लिहिते. कसं शोधलं ते, दिव्यांचंसुद्धा. आणि वर्णनाच्या फाइलीला एक सांभाळणारा लागतो, म्हणजे कोणाला शंका आली तर कोणाला विचारायचं त्याचं नाव. तिथं त्यांचं घालू का? चालेल त्यांना?”

मी रुपेशला फोन लावला. मागं ग्राइंडरचा आवाज येत होता. त्यानं तो बंद करायला सांगितला.

“मला इंग्रजीत मेल येतील का?”

“येतील. मी हाये की.”

“तू नको. मी बघतो माझं.” मग त्यानं विचारलं, “नाव कसं लिवणार?”

“रुपेश रोकडे.”

“मधलंबी लिव म्हणावं. रुपेश जयवंत रोकडे. नियमात बसत नसंल तर राहू दे.”

नियमात बसत होतं. फेब्रुवारीत नवी आवृत्ती निघाली तेव्हा बागेत तोडणी चालू होती. क्रेट भरता भरता मी ते पान उघडून पाहिलं आणि त्याला दुवा पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, “रविवारी घरी ये. आई बोलावतीये.”

पेटीभर द्राक्षं घेऊन अवसरीला गेलो. रुपेशच्या आई, द्रौपदाकाकू, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पाठ वाकली होती, आवाज तोच. मला पाहून त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“एवढी वर्सं कुठं व्हतास रं? ह्यांच्या मातीला बी आला न्हाईस.”

“तोंड दाखवायला लाज वाटत व्हती, काकू.”

“कशाची?”

मी रुपेशकडं पाहिलं. तो दारात उभा होता, जमिनीकडं बघत. मी ओट्यावर काकूंच्या शेजारी बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चार दिवे, ऑपरेशनची संध्याकाळ, माझं पत्र. सायबर कॅफेचंही सांगितलं. त्या शेंगा फोडतच ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, “ह्यांला समदं समजलं व्हतं. त्या दिशी घरी येऊन मला म्हणले, पोरगं खोटं बोललं, मैतराला वाचवाया बोललं. म्हणले, बरं झालं. नाव काय, फुडं मागं येतंय. मानूस गेला तर येत न्हाई.”

रुपेशनं मान वर केली. हे त्यालाही नवीन होतं.

काकूंनी ओंजळभर शेंगदाणे माझ्या हातात ओतले आणि आत जाऊन भाजीला फोडणी दिली. जेवून निघेपर्यंत उन्हं कलली होती. उसाच्या बाजूनं वाघरू, म्हणजे बिबट्या, फिरतोय म्हणून रुपेश आपली गाडी काढून हमरस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आला. तिथं दोन्ही गाड्या बाजूला लावून आम्ही बराच वेळ उभे होतो. त्याला जर्मनीहून कोणाचा तरी पहिला मेल आला होता. एका शब्दाचा अर्थ त्याला लागत नव्हता. फोन माझ्यापुढं धरून तो म्हणाला, “हे काय म्हणतोय बघ जरा.”